दोन आवाज

शिकलगार ऑपरेटर कमी बोलायचे.
तासगावच्या तेहतीस-अकराच्या उपकेंद्रात
माझी पहिली रात्रपाळी लागली,
त्यांनी चहा दिला, टॉर्च दिला,
म्हणाले, मगदूमबाई, हितं नुसत्या डोळ्यांवर जाऊ नका.

मार्च होता.
बेदाण्याच्या शेडांवरून गंधकाचा वास यायचा,
आत राखाडी पॅनेलांची रांग.
ब्रेकरची ट्रॉली बाहेर ओढली
की मागं दोन पत्रे आपसूक खाली येतात,
वरचा लाल, बसबारपुढचा,
खालचा पिवळा, केबलपुढचा.
पत्र्यांमागं सहा भोकं.
भोकांत अकरा हजार,
त्याला रंग नाही, वास नाही, घाईसुद्धा नाही.

दुकानाचं शटर चोराला बाहेर ठेवतं, ते म्हणाले,
हे आपल्याला बाहेर ठेवतं.

त्यांचे वडील मिरजेच्या बाजारात
सायकलच्या चाकावर विळ्या-अडकित्त्यांना धार लावायचे.
पातं लागलं की दगडाचा सूर बदलतो म्हणे.
पोरगा शेजारी बसून ऐकायचा.
हे मला नंतर कळलं.

त्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
सावर्डे फीडर बसला.
मी हँडल फिरवलं, ट्रॉली आली,
टॉर्च घेऊन वाकणार
तेवढ्यात कॉलर मागून खेचली गेली,
हळूबिळू नाही,
वरचं बटण तुटून टेबलाखाली गेलं.

किती ऐकलं?
काय किती?
खट. किती वेळा?

मी मोजलंच नव्हतं.
एकदाच, ते म्हणाले.

पण लाल दिसतोय की खाली.
दिसतोय. बसलेला नाही.

लांबूनच टॉर्च मारला त्यांनी.
पत्रा एका कडेला तिरका लटकलेला,
बोटभर फट,
फटीत काहीच नाही,
म्हणजे सगळंच.

फोन वाजत होता, कोल्ड स्टोरेजवाला, तिसऱ्यांदा.
कोपऱ्यात झाडू उभा होता, लांब दांड्याचा.
खरं सांगते, मला वाटलं,
एक ढोसणी दिली की पडेल पत्रा.
माझी नजर कुठं गेली ते त्यांनी पाहिलं.
झाडूचं काय जातंय, बाई.

मग त्यांनी सगळंच बंद केलं.
इनकमर पाडला, बाहेर ओढला,
कुलूप घातलं, किल्ली खिशात,
पाटी लावली: माणसं काम करत आहेत.
नऊ गावं एका झटक्यात काळी.
चिंचणी रस्त्याकडची कुत्री ऐकू आली.
आधी डिटेक्टरचीच परीक्षा घेतली,
मग त्यानं बसबार तपासला,
मग पुन्हा डिटेक्टरची,
फितूर साक्षीदाराला उलटसुलट विचारतात तशी.
शेजारच्या पॅनेलातून अर्थ दिला,
आणि मगच गुडघे टेकले.

दांडीची पिन निसटली होती.
करंगळीच्या नखाएवढी,
ट्रॉलीच्या रुळात पडलेली.
किंमत मी विचारली.
दोन रुपये.

नवी घातली.
ट्रॉली आत, बाहेर, आत, बाहेर,
प्रत्येक वेळी ते डोळे मिटून उभे,
खट, खट.
अजून एकदा करा, म्हणायचे.
खट, खट.

कोल्ड स्टोरेजवाला बुलेटवरून आला शिव्या घालत,
त्यालाही चहा दिला.
चहा पिताना त्यांचा हात कपावर थरथरत होता,
माझ्याकडे बघू नका, म्हणाले.

ते निवृत्त झाले, मिरजेत असतात.
आता त्या खुर्चीत मी.
नवीन पोरगा येतो, कानात इअरफोन,
ट्रॉलीजवळ गेला की मी तो काढून ठेवते,
त्याला वाटतं, बाई जुन्या वळणाची.

लॉगबुक मात्र मी जपून ठेवलंय.
त्यांच्या उभट अक्षरातलं ते पान:
२.१० सावर्डे फीडर ट्रिप.
२.१६ शटर अर्धवट. बसबार बंद घेतला.
पिन बदलली. शटर दोन्ही पडतात.
४.०५ पुरवठा सुरू.

माझं नाव त्यात कुठंच नाही.